नेमाचा नेम : कोव्हाक्सबरोबर चार महिने

रोज रात्री जेवण झाले की मी संगणकासमोर बसतो आणि राखाडी भिंतींच्या एका रिकाम्या खोलीत वीस मिनिटे तरंगत्या गोळ्यांवर गोळ्या झाडतो. या खोलीत शत्रू नाही, सोबती नाहीत, पावलांचे आवाज नाहीत. साठ सेकंद संपले की पडद्यावर एक आकडा येतो आणि पुन्हा तेच सुरू होते. घरातल्यांना हा प्रकार वेडगळ वाटतो, आणि पहिले तीन आठवडे मलाही तो तसाच वाटत होता. संगणकावरच्या खेळांतल्या नेमबाजीच्या सरावाचे ‘कोव्हाक्स’ हे सॉफ्टवेअर मी मार्चमध्ये विकत घेतले आणि प्रवासाचे व तापाचे दिवस वगळता जुलैपर्यंत जवळजवळ रोज वापरले. चार महिन्यांचा हा अनुभव लिहिताना माझी पात्रताही सांगून टाकतो. वय चाळिशीला टेकलेले, कॉलेजच्या काळात सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून काउंटर-स्ट्राइक हा गोळीबाराचा खेळ खेळलेला, आणि गेली दोन वर्षे भाच्याच्या टोळक्यात शिरून व्हॅलोरंट हा तसाच खेळ खेळणारा, सिल्व्हर या खालच्या रँकमध्ये रुतून बसलेला मी एक सामान्य खेळाडू आहे.

कोव्हाक्सचा जन्म सरावाच्या गरजेतूनच झाला. क्वेकसारखे वेगवान गोळीबाराचे खेळ खेळणाऱ्या एका खेळाडूने ते तयार केले, त्याचे खेळातले टोपणनावच सॉफ्टवेअरला मिळाले, आणि २०१८मध्ये ते स्टीम या संगणकीय खेळांच्या ऑनलाइन दुकानात विक्रीस आले. अनरियल इंजिन या खेळ बनवण्याच्या साधनावर बेतलेले असले तरी त्यात दाखवण्यासारखे काही नाही, त्यामुळे जुन्या ग्राफिक्स कार्डावरही ते सुरळीत चालते. पैसे एकदाच भरावे लागतात आणि ती रक्कम बऱ्यापैकी माउसच्या किमतीपुढे किरकोळ आहे. त्याचा खरा ऐवज म्हणजे खेळाडूंनीच बनवलेले हजारो सराव, ज्यांना तिथे ‘सिनारिओ’ म्हणतात. लक्ष्याचा आकार, वेग, ते किती वेळाने दिशा बदलेल, उडी मारेल की नाही, एका गोळीत पडेल की अखंड मारा मागेल, हे सगळे ठरवता येते आणि ठरवलेले इतरांना वाटता येते. मी वापरलेल्यांपैकी सर्वांत जुना आणि साधा सराव ‘वन वॉल सिक्स टार्गेट्स’ हा आहे. समोरच्या भिंतीवर सहा स्थिर गोळे असतात, एक फोडला की दुसरीकडे नवा उगवतो, आणि मिनिटभरात जमतील तितके फोडायचे असतात.

या साधेपणातच मी पहिली फसगत करून घेतली. आकडा दिसला की तो वाढवावासा वाटतो, आणि आकडा वाढवण्याचा सोपा उपाय म्हणजे हात वेडावाकडा पळवून मिळेल तिथे बटण दाबणे. पहिल्या पंधरवड्यात माझे गुण रोज चढत होते, मी भाच्याला त्याचे स्क्रीनशॉट पाठवत होतो, आणि व्हॅलोरंटमध्ये पूर्वीइतकाच, किंबहुना थोडा अधिकच, मरत होतो. सराव सुधारत होता आणि खेळ जागच्या जागी होता. हे कोव्हाक्सचे वैगुण्य म्हणावे की माझे, यावर मी बराच विचार केला. सॉफ्टवेअर गुणांबरोबर अचूकतेची टक्केवारीही दाखवते, मागच्या प्रयत्नांचा आलेखही दाखवते. पण मोठ्या अक्षरात गुणच असतात, आणि माणसाची नजर मोठ्या अक्षरांवरच जाते.

खरे तर त्याआधी माझ्याकडून अधिक मूलभूत गोष्ट राहून गेली होती. माझी सेन्सिटिव्हिटी, म्हणजे माउस किती हलला की खेळातली नजर किती वळते ते प्रमाण, चुकीची होती, आणि ती चुकीची आहे हे कळण्याइतकाही हिशेब मी कधी मांडला नव्हता. नव्या खेळाडूंना हा हिशेब कोणी नीट सांगत नाही, म्हणून तो इथे थोडा सविस्तर मांडतो. माउस एक इंच सरकला की तो संगणकाला किती खुणा पाठवतो, तो आकडा म्हणजे डीपीआय. व्हॅलोरंटमध्ये सेन्सिटिव्हिटी एक असताना प्रत्येक खुणेला नजर ०.०७ अंश वळते, तर काउंटर-स्ट्राइकमध्ये हाच आकडा ०.०२२ आहे, म्हणूनच काउंटर-स्ट्राइकची सेन्सिटिव्हिटी व्हॅलोरंटमध्ये आणताना तिला ३.१८ने भागतात. माझा माउस ८०० डीपीआयवर आणि खेळातली सेन्सिटिव्हिटी ०.८ होती. म्हणजे पॅडवर माउस एक इंच सरकवला की नजर ४४.८ अंश वळे, आणि पूर्ण गिरकी घ्यायला जेमतेम वीस सेंटिमीटर पुरत. याचाच दुसरा अर्थ असा, की क्रॉसहेअर, म्हणजे पडद्याच्या मध्यावरची नेमाची खूण, एक अंश सरकवायला हाताने अर्ध्या मिलिमीटरहून जरासेच अधिक हलायचे. लांबवरचे डोके अंशाच्याही लहानशा भागात मावते, तेव्हा मी मनगटाकडून कोणत्या सूक्ष्मतेची अपेक्षा करत होतो याचे आता हसू येते. सेन्सिटिव्हिटी ०.३५वर आणल्यावर पूर्ण गिरकीला सुमारे ४७ सेंटिमीटर लागू लागले आणि एका अंशासाठी १.३ मिलिमीटर मिळाले. तेही तांदळाच्या दाण्याच्या जाडीहून कमीच, पण हाताला कळण्याइतके नक्कीच.

कोव्हाक्समध्ये सेन्सिटिव्हिटी भरताना खेळाचे नाव निवडून त्याच खेळातला आकडा टाकता येतो, किंवा गिरकीचे सेंटिमीटर थेट देता येतात; पडद्यावर दिसणाऱ्या दृश्याचा व्हॅलोरंटमधला १०३ अंशांचा कोनही तसाच ठेवता येतो. ही सोय मला या सॉफ्टवेअरची सर्वांत मोलाची बाजू वाटते, कारण तिच्यामुळे सरावात हाताला लागलेले माप खेळात बदलत नाही. मात्र विंडोजच्या माउस सेटिंगमधला ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ हा पर्याय आधी बंद करावा. नाव अचूकतेचे असले तरी तो हाताच्या वेगाप्रमाणे पॉइंटरचे अंतर बदलतो. जे खेळ माउसची कच्ची नोंद घेतात त्यांच्यावर त्याचा परिणाम होत नाही, पण हाताला दोन वेगवेगळी मापे शिकवण्यात अर्थ नाही.

सेन्सिटिव्हिटी कमी केल्याबरोबर लाकडी अडचण उभी राहिली. आमच्याकडचे संगणकाचे टेबल सरकत्या ट्रेचे आहे, आणि त्या ट्रेवर कीबोर्ड ठेवल्यावर माउसला वहीच्या पानाएवढीच जागा उरते. उजवीकडे वळलो की माउस ट्रेच्या कडेला आपटायचा, आणि मी शत्रूला पाठ देऊन माउस उचलत बसायचो. शेवटी कीबोर्डसकट सगळे भाच्याच्या जुन्या अभ्यासाच्या टेबलावर हलवले, पंचेचाळीस सेंटिमीटर रुंदीचे कापडी पॅड पसरले, आणि कोपर टेबलावर टेकेल इतकी खुर्ची उंच केली. पहिला आठवडा खांदा दुखला. त्यानंतर मोठी वळणे हाताने आणि बारीक दुरुस्त्या मनगट व बोटांनी अशी कामाची वाटणी आपोआप पडत गेली. नेम सुधारण्यासाठी पैसे खर्च करायचेच असतील, तर सॉफ्टवेअरच्या आधी टेबलाचा विचार करावा, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. गुणांचा नाद सोडून मी एका रविवारी मोबाइल पुस्तकांच्या चवडीवर टेकवला, हात आणि पडदा दोन्ही दिसतील असा कोन धरला, आणि स्लो-मोशनमध्ये स्वतःचे सहा गोळ्यांचे एक मिनिट चित्रित केले. त्या चित्रफितीने मला जे दाखवले ते महिनाभरात आकड्यांनी दाखवले नव्हते. उजवीकडच्या गोळ्याकडे जाताना माझा क्रॉसहेअर प्रत्येक वेळी गोळा ओलांडून पुढे जात होता आणि परत येत होता. आणि मी बटण दाबत होतो ते तो परतीच्या वाटेवर असताना, गोळ्यावरून घसरत असताना. डावीकडे नेमके उलटे होते. तिथे झेप आखूड पडे, मग दोन-तीन छोट्या पावलांनी अंतर भरून निघे, आणि दरम्यान वेळ निघून जाई. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही ठिकाणी ‘नेम चुकला’ एवढेच दिसले असते, पण त्या दोन वेगळ्या चुका होत्या आणि त्यांचे उपायही वेगळे होते.

हाताच्या अशा हालचालींचा अभ्यास संगणकांहून जुना आहे. रॉबर्ट वुडवर्थ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १८९९मध्येच असे मांडले होते, की लक्ष्याकडे जाणाऱ्या हालचालीचे दोन भाग असतात. आधी ठरवून मारलेली एक झेप असते, आणि तिच्या शेवटी डोळ्यांनी पाहून केलेली दुरुस्ती असते. पुढे १९५४मध्ये पॉल फिट्स यांनी लक्ष्याचे अंतर व रुंदी यांवरून हालचालीला लागणाऱ्या वेळेचे सूत्र दिले, आणि माउस या वस्तूचे मोजमापही पुढे त्याच सूत्राने होत आले. क्रॉसहेअर झटक्यात लक्ष्यावर नेण्याला आपण फ्लिक म्हणतो, ती वुडवर्थची पहिली झेप आहे. तिच्या मध्यावर डोळा काही दुरुस्त करू शकत नाही, कारण दिसलेले हाताच्या हालचालीत उतरायला सेकंदाचा दहावा-पाचवा भाग जातोच आणि तोवर झेप संपत आलेली असते. म्हणून झेप अचूक होण्यासाठी हाताला माप पाठ असावे लागते, आणि दुरुस्ती अचूक होण्यासाठी झेपेनंतर निमिषभर थांबावे लागते. मी हे दोन्ही टाळून त्यांच्या मधल्या घसरणीत गोळी झाडत होतो.

उपाय कंटाळवाणा होता. दोन आठवडे मी तेच सहा गोळे मुद्दाम संथपणे फोडले. जायचे, थांबायचे, गोळ्यावर क्रॉसहेअर स्थिर दिसू द्यायचा, मगच बटण दाबायचे. गुण धाडकन खाली आले आणि अचूकता नव्वद टक्क्यांच्या वर स्थिरावली. त्यानंतर वेग हळूहळू वाढवला, आणि अचूकता पंचाऐंशीच्या खाली घसरली की पुन्हा एक पायरी उतरायचे असा नियम ठेवला. हा नियम कोव्हाक्सने घालून दिलेला नाही. कोणी शिक्षक शेजारी नसताना तो स्वतःच घालावा लागतो, आणि या उत्पादनाची खरी मर्यादा मला इथेच जाणवते. ते व्यायामशाळा देते, तिथे वस्ताद नसतो.

ही उणीव भरून काढणारी मंडळी बाहेर आहेत. व्होल्टाइक नावाच्या खेळाडूंच्या समूहाने कोव्हाक्समधल्या निवडक सरावांच्या कसोट्या तयार केल्या आहेत, आणि त्या वापरायला पैसे पडत नाहीत. नेमाचे त्यांनी तीन मोठे भाग पाडले आहेत : टिपणे, लक्ष्याचा सतत पाठलाग करणे म्हणजे ट्रॅकिंग, आणि एका लक्ष्यावरून दुसऱ्यावर जाणे. प्रत्येकाचे पुन्हा पोटभाग आहेत. टिपण्यात स्थिर आणि हलते, पाठलागात संथ-अचूक आणि अचानक दिशा बदलणारे. नवशिक्यांच्या पातळीवर लोखंड, कांस्य, चांदी, सोने अशा पायऱ्या आहेत, आणि सर्वांत वरच्या पातळीच्या शेवटी ‘सेलेस्टियल’ नावाची पायरी आहे, जिच्याकडे मी केवळ मान वर करून पाहतो. मी सगळ्या कसोट्या दिल्या तेव्हा स्थिर लक्ष्ये टिपण्यात सोन्यापर्यंत पोहोचलो आणि संथ पाठलागात कांस्यावरच अडकलो. म्हणजे एवढे दिवस मी जे येत होते तेच घोटत होतो.

पाठलागाचा सराव फार वेगळे काही शिकवतो. ‘स्मूथबॉट’ या सरावात गोळा हवेत सावकाश, वळणे घेत फिरतो आणि क्रॉसहेअर त्याच्यावर सतत ठेवायचा असतो. वाटते सोपे, पण पंधरा सेकंदांत माझा क्रॉसहेअर त्या गोळ्याभोवती थरथरू लागायचा. पुन्हा मोबाइल लावला, या वेळी फक्त हातावर. माझी करंगळी माउसच्या कडेवर इतकी घट्ट रोवलेली होती की तिचे टोक पांढरे पडले होते, आणि अंगठ्याच्या बुंध्याशी स्नायू दोरीसारखा ताणला होता. कॅरम खेळलेल्या कोणालाही हे लगेच उमगेल. बोट ताठ करून स्ट्रायकर मारला की तो जोरात जातो, पण हलका कट कधीच बसत नाही. एका बाजूचे स्नायू ओढतात, दुसऱ्या बाजूचे त्यांना अडवतात, आणि त्या रस्सीखेचीतून थरथर निर्माण होते. मग प्रत्येक फेरीआधी माउसवरचा हात पूर्ण सैल सोडायचा, एक श्वास सोडायचा आणि पकड इतकीच ठेवायची की कोणी माउस ओढला तर तो हातातून निसटेल, असा क्रम लावून घेतला. चार महिन्यांत माझ्या नेमात जो सर्वांत टिकाऊ बदल झाला तो हाच आहे, असे मला वाटते. आणि त्याचा फायदा असा, की रात्री मनगटात येणारी ठणक थांबली. ज्यांना बोटांत मुंग्या येतात किंवा मनगट दुखते त्यांनी सराव तिथेच थांबवावा. दुखणाऱ्या हाताने केलेला सराव दुखणेच पक्के करतो.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि माझे सगळे आकडे एकदम पडले. डोंबिवलीच्या पावसाळ्यात पापड मऊ पडतात, दरवाजे फुगतात, कॅरमच्या फळीवर कितीही बोरिक पावडर टाकली तरी सोंगट्या रेंगाळतात. मग कापडी माउसपॅड अपवाद कसे असेल? पॅड दमट झाले होते, कोपरापुढच्या हाताचा घाम त्यात मुरत होता, आणि सुरुवातीच्या धक्क्याला माउस चिकटून मग एकदम सुटत होता. चार दिवस मी स्वतःलाच दोष देत राहिलो. मग पॅड कोमट पाण्यात साबणाने धुतले, पंख्याखाली दोन दिवस वाळवले, आणि हातावर मनगटापासून कोपरापर्यंत पातळ बाही चढवली. आकडे बऱ्याच अंशी परतले. कोकणपट्टीत राहणाऱ्या खेळाडूंना माझी सूचना अशी, की पावसाळ्यातल्या गुणांची उन्हाळ्यातल्या गुणांशी तुलना करूच नये. काचेच्या पॅडला दमटपणाचा हा त्रास नसतो असे वापरणारे सांगतात, पण त्यावर माउस फार झरझर सरकतो आणि त्याची किंमतही मोठी असते. मी त्या वाटेला गेलेलो नाही.

याच दरम्यान सरावानेच एक वेगळा आजार पकडला. माझी अचूकता एका आठवड्यात अनाकलनीयपणे घसरली. गोळे पूर्वीइतकेच फुटत होते, मात्र झाडलेल्या गोळ्यांची संख्या वाढली होती. फेरीत मी मोजून दहा वेळा बटण दाबले आणि नोंद तेराची आली. माउसचे डावे बटण एका दाबाला कधी कधी दोनदा वाजत होते. माउस कोणत्या कंपनीचा हे सांगण्याची गरज नाही, कारण स्वस्त-महाग सगळ्याच माउसच्या स्विचांना काही काळाने हा रोग लागू शकतो. दुकानदाराने ‘साहेब, आमच्याकडे तर नीट चालतोय’ असे म्हणून तो परत केला, आणि हमीच्या पावतीसाठी मला घरातले तीन ड्रॉवर उपसावे लागले. महिन्याने नवा माउस मिळाला. प्रत्यक्ष खेळात हा दोष माझ्या लक्षात आला असता की नाही, याची मला शंका आहे. तिथे गोंधळ इतका असतो की सगळ्याचे खापर नशिबावर फोडून मोकळे होता येते.

त्याआधी, मे महिन्यापर्यंत, एवढा सराव करूनही माझी रँक तसूभर हलली नव्हती, आणि त्याचे कारण कोव्हाक्सला सांगता येणारे नव्हते. ते मला भाच्याने सांगितले. सुट्टीत तो घरी आला होता. मी माझ्या सामन्यांची चित्रमुद्रणे लावली आणि सरावाचे आलेख दाखवत त्याला विचारले की आता कमी कुठे पडते. त्याने दोन मिनिटे पाहिले आणि म्हणाला, “मामा, तुझा हात चांगला झालाय रे, पण तुझा क्रॉसहेअर जमिनीवर चालतोय.” मी पुन्हा पाहिले. खरोखरच, कोपऱ्यावरून वळताना माझा क्रॉसहेअर समोरच्याच्या गुडघ्यांच्या उंचीवर असे, आणि प्रत्येक भेटीत मला आधी तो वर उचलावा लागे. व्हॅलोरंटमध्ये व्हँडल बंदुकीची एक गोळी डोक्यात लागली की कोणत्याही अंतरावरून १६० नुकसान होते, आणि पूर्ण चिलखत घातलेल्या खेळाडूकडे सर्व मिळून १५०च असतात. म्हणजे ज्याचा क्रॉसहेअर आधीच डोक्याच्या उंचीवर आहे त्याला फक्त बटण दाबायचे असते, आणि मी मात्र कमावलेली फ्लिक दाखवत वरपर्यंत प्रवास करत होतो. दुसरी खोड त्याहून वाईट होती. मी चालता चालता गोळी झाडत असे, आणि या खेळात धावताना झाडलेली गोळी क्रॉसहेअरच्या जागी जाईलच याची शाश्वती नसते. थांबण्याची वेळ आणि बोटाची वेळ जुळली पाहिजे. कोव्हाक्सच्या बहुतेक सरावांत खेळाडू जागेवर उभा असल्याने ही जुळणी तिथे शिकताच येत नाही.

भाच्याने मग मला दहा मृत्यू एकेक करून पाहायला लावले आणि प्रत्येकासमोर कारण लिहायला सांगितले. उंची चुकली, चालत होतो, दोन कोपरे एकदम उघडले, आवाज ऐकूनही तिकडे पाहिले नाही. निम्म्याहून अधिक मृत्यूंमध्ये माउसच्या नेमाचा प्रश्नच आला नव्हता. “तू दिवसाला वीस मिनिटे सराव कर, पण पंधरा मिनिटे डेथमॅच खेळ आणि त्यात जिंकायचं नाही, फक्त उंची धरायची,” असा त्याने हुकूम दिला (डेथमॅच म्हणजे प्रत्येक जण स्वतःपुरता लढतो तो सामना), आणि मी तो निमूटपणे पाळतो आहे. खेळातल्याच सरावाच्या मैदानात संगणकाने चालवलेले तीस बॉट येतात तिथेही हे करता येते, पण ते एका जागी उगवून उभे राहतात आणि कोपऱ्यांचा अंदाज शिकवत नाहीत. जुलैमध्ये मी सिल्व्हरच्या वरच्या गोल्ड रँकमध्ये पोहोचलो. त्यातला किती वाटा गोळ्यांचा आणि किती भाच्याच्या हुकुमाचा, हे वेगळे काढता येणार नाही; पण भाच्याशिवाय पोहोचलो नसतो एवढे खात्रीने सांगतो.

तुलनेसाठी ‘एमलॅब्स’ या नेमाच्या सरावाच्याच दुसऱ्या प्रोग्रामचाही उल्लेख करायला हवा, कारण तो स्टीमवर फुकट मिळतो आणि बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. न्यूयॉर्क विद्यापीठाशी संबंध असलेले मेंदूशास्त्रज्ञ वेन मॅकी यांच्या स्टेटस्पेस या कंपनीने तो तयार केला आहे. दिसायला तो कोव्हाक्सहून कितीतरी देखणा आहे, नवशिक्याला कुठे काय दाबायचे हे समजते, आणि फेरी संपल्यावर पडद्याच्या कोणत्या भागात आपण मंद किंवा चुकीचे आहोत याचे चित्रही तो दाखवतो. माझ्यासारखी पुस्तकांची चवड रचून मोबाइल लावण्याची वेळ त्यामुळे थोडी टळते. पण त्याचा सर्वांत लोकप्रिय सराव ‘ग्रिडशॉट’ मोठ्या, स्थिर, जवळजवळच्या गोळ्यांचा आहे. तो अंगात गरमी आणायला उत्तम आहे आणि नेमके तेवढ्यासाठीच वापरावा. तिथले गुण दुप्पट झाले म्हणून लांबवरचे हलते डोके टिपता येईल असे नाही. माझा कल अखेर कोव्हाक्सकडे झुकला तो त्यातल्या सरावांच्या विविधतेमुळे आणि गिरकीचे माप ज्या सहजतेने जुळते त्यामुळे. ज्याला पैसे खर्चायचे नाहीत त्याने एमलॅब्सवर व्होल्टाइकच्या कसोट्या द्याव्यात; त्या तिथेही आहेत.

कोव्हाक्सविषयी तक्रार करायचीच तर ती नावांची आणि शोधण्याची. ‘क्लोज लाँग स्ट्रेफ्स इन्व्हिन्सिबल’ हे एका सरावाचे नाव आहे, आणि ते त्यातल्या त्यात समजण्याजोगे आहे. एकाच सरावाच्या लहान, मोठ्या, मंद, वेगवान अशा आवृत्त्या वेगवेगळ्या लोकांनी केलेल्या असतात, आणि नवख्याला त्यांतली मूळ कोणती हे ओळखणे अवघड जाते. मसाल्याच्या दुकानात बरण्या हजार आणि चिठ्ठ्या परक्या भाषेत, तसा हा प्रकार आहे. उपाय एवढाच की भटकू नये : सहा-सात सराव निवडून त्यांची यादी करावी आणि महिनाभर तिच्यापलीकडे पाहू नये. माझ्या यादीत आता दोन स्थिर टिपण्याचे, दोन संथ पाठलागाचे, एक अचानक दिशा बदलणारा आणि एक लक्ष्य बदलण्याचा सराव आहे. रोज क्रम बदलतो, कारण एकच सराव सलग दहा वेळा केला की दहाव्या वेळचा आकडा फार सुंदर दिसतो आणि दुसऱ्या दिवशी त्यातले फारसे काही उरत नाही.

विकत घेण्याचा विचार करणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक माहिती. स्टीमवर खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी वापर झालेला असेल तर पैसे परत मागता येतात. नेम सुधारतो की नाही हे दोन तासांत कोणालाच कळणार नाही, तेव्हा तो वेळ त्यासाठी घालवू नये. आपला संगणक फ्रेम न अडखळता ते चालवतो का, व्हॅलोरंटची सेन्सिटिव्हिटी भरल्यावर पॅडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरावात आणि खेळात सारखेच वळण मिळते का, आणि टेबलावर कोपर टेकायला जागा आहे का, एवढे तपासावे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर पैसे परत मागून आधी सुताराला बोलवावे.